शिबं म्हणायचं, कोड नाही

गुरुवारी सकाळी ऋजुताने इन्क्युबेटरमधून प्लेटा काढल्या आणि पहिलीच प्लेट बघून ती मनापासून हसली. बशीएवढ्या त्या प्लेटमध्ये नायट्याची बुरशी मळक्या लोकरीसारखी पसरली होती. तिच्यावर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवलेल्या, प्रत्येक टिकली एकेका झाडाच्या पानांच्या अर्कात भिजवलेली. कडुनिंबाच्या टिकलीभोवती बुरशी जराशी बिचकली होती. करंजाला तिने भीक घातली नव्हती. टाकळ्याच्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ पडलं होतं. ऋजुताने पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर. शेजारी नुसत्या अल्कोहोलमध्ये बुडवलेली एक टिकली होती, तिच्याभोवती बुरशी निवांत वाढली होती. या नुसत्या टिकलीला कंट्रोल म्हणतात. बुरशी अर्काने मेली की अल्कोहोलने, हे तिच्यावाचून कळत नाही.

टाकळा म्हणजे आपल्याकडे उकिरड्यावर उगवणारं झाड. तिकडे त्याला कोणी विचारत नाही, आणि इथे लेस्टरमध्ये एका विद्यापीठाच्या काचघरात दिवे आणि हीटर लावून त्याचे लाड चालले होते. नायट्यावर टाकळ्याचा पाला चोळावा हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊकच होतं. ते मोजून दाखवायचं काम ऋजुताने पत्करलं होतं. गणपतीत मराठी मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता, तिथे तिने या विषयावर वीस मिनिटं भाषण ठोकलं आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिची थोरली जाऊ प्रमोदिनी पहिल्या रांगेत होती. तिचाच फोन आता आला.

"ऋजुता, रविवारी जेवायलाच या दोघं. आणि येताना तुझं ते टाकळ्याचं औषध आण गं थोडं."

"कोणाला झालंय, वहिनी?"

"शाल्मलीला. काही नाही, शिबं आहेत. ये तू, मग बोलू."

प्रमोदिनीचे यजमान डॉ. शशिधर करमरकर सव्वीस वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आले. लेस्टरला लागून असलेल्या ओडबीत त्यांचं चार बेडरूमचं घर आहे. धाकटा भाऊ अनुप आयटीच्या व्हिसावर ऋजुताला घेऊन आला, तेव्हा पहिलं दीड वर्ष ही दोघं याच घरात राहिली. ऋजुताच्या पीएचडीच्या अर्जावर शेवटचा हात दादांनी फिरवला, ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं. असे उपकार कोणी बोलून दाखवत नाही, पण दादांसमोर बोलताना धाकट्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

शाल्मली त्यांची एकुलती एक. पंचवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. जेवणं झाल्यावर प्रमोदिनीने तिला वरच्या खोलीत नेलं, पडदे ओढले आणि लेकीच्या बाह्या स्वतः वर सारल्या. मनगटावर एक डाग, कोपराशी दोन, कानामागे एक. दुधासारखे पांढरे. कडा स्वच्छ, कातडी गुळगुळीत. खाज नाही, कोंडा नाही.

ऋजुताला एका नजरेत कळलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"बाबा म्हणाले फंगल आहे," शाल्मली सहज म्हणाली. "सो इट्स फाइन. जीपीकडे जाणार होते मी, पण आई म्हणाली, काकूचा औषध नॅचरल आहे."

"जीपीकडे कशाला?" प्रमोदिनी घाईने म्हणाली. जीपी म्हणजे इथला सरकारी फॅमिली डॉक्टर. "एकदा रेकॉर्डवर गेलं की गेलं. घरात डॉक्टर आहे, काकू शास्त्रज्ञ आहे. एवढ्यातेवढ्याला बाहेर कशाला दाखवायचं?"

ऋजुताने दाराकडे पाहिलं. शशिधर तिथे उभे होते. "शिबंच आहेत. मी पाहिली आहेत अशी," ते म्हणाले आणि खाली चहाला गेले.

त्या क्षणी ऋजुताने "दादा, मला नाही तसं वाटत" एवढंच म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती म्हणाली नाही. एक तर दादांपुढे बोलायची सवय नव्हती. दुसरं कारण तिला स्वतःलाही आवडलं नसतं: आपल्या बाटलीतल्या अर्काने हे डाग जावेत, असं तिला मनातून फार वाटत होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. तिने पिशवीतून हिरवी बाटली काढून दिली, दिवसातून दोनदा लावायला सांगितलं आणि घरी जाताना गाडीत अनुपशी उगाचच भांडली.

कोड म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. कातडीला रंग देणाऱ्या पेशी जातात, एवढंच ते आहे. त्याने माणूस मरत नाही, ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आणि बहुतेकांचं दुखत-खुपत काही नाही. दुखतं ते लग्नाच्या बाजारात. तिथे शिब्यांना माफी आहे, कारण ती जातात. कोडाला नाही. म्हणून करमरकरांच्या घरात तो शब्दच उच्चारायचा नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका, अशा गोष्टी ठरवायला सभा भरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. मूठ कोणाची आणि ती आवळून कोणाची बोटं दुखतायत, ते मात्र कोणी विचारत नाही.

झाकायची घाई एवढ्यासाठी की स्थळ चालून आलं होतं. लंडनमधल्या एजवेअरचा समर. फायनान्समध्ये, उंच, मराठी बोलणारा, आणि नवल म्हणजे शाल्मलीलाही आवडलेला. दोघं लंडनला चार वेळा भेटली होती. ऑक्टोबरचा नोव्हेंबर झाला आणि शाल्मलीचे सगळे ड्रेस पूर्ण बाह्यांचे झाले.

औषध लावायचं काम प्रमोदिनीने स्वतःकडे घेतलं. अर्क आत मुरावा म्हणून आधी डाग घासायचा, असं तिने कोणत्याशा व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचलं होतं. रोज सकाळी कामाला जायच्या आधी ती लेकीला बाथरूममधल्या स्टुलावर बसवी आणि वज्रीने कोपर घाशी. कातडी लाल होऊन सोलवटे, मग त्यावर टाकळा. शाल्मली दात आवळून बसे. आईवर तिचा विश्वास होता, आणि बाबा तर डॉक्टर होते.

"काकू, हा औषध खूप स्टिंग होतो," तिने एकदा फोनवर सांगितलं. "आणि माझा कोपर बघ ना, स्पॉट मोठा झालाय. इज दॅट नॉर्मल?"

"घासू नका म्हणावं आईला."

"आई म्हणते घासल्याशिवाय जाणार नाही."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऋजुता तिला आपल्या लॅबमध्ये घेऊन गेली. डागाच्या कडेची कातडी हलकेच खरवडली, थोडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, उरलेली प्लेटांवर टाकली. शिब्यांची बुरशी वाढायला तेल मागते, म्हणून एका प्लेटवर ऑलिव्ह ऑइलचा पातळ थर दिला. शेजारच्या प्लेटवर मुद्दाम नेहमीची नायट्याची बुरशी लावली, म्हणजे 'प्लेटच बिघडली असेल' असं म्हणायला जागा नको. इतकी काटेकोर व्यवस्था तिने स्वतःच्या प्रबंधासाठीही केली नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाहीच. तरी ती चार आठवडे थांबली. शेजारची प्लेट काठोकाठ भरली. शाल्मलीच्या प्लेटा कोऱ्या राहिल्या.

जानेवारीत, एका रविवारी दुपारी, शशिधर मागच्या बागेत पालापाचोळा गोळा करत होते तिथे ती गेली.

"दादा, काही उगवलं नाही. तेलाच्या प्लेटवरही नाही. ती बुरशी नाहीये."

"माहीत आहे," ते म्हणाले.

ऋजुताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. व्हिटिलिगो न ओळखायला मी काय कंपाउंडर आहे?" त्यांनी दाताळं भिंतीला टेकवलं. "तिच्या आत्येआजीलाही होतं. जन्मभर माहेरी राहिली. तू नाही पाहिलंस ते. मी पाहिलंय. पंक्तीत तिला शेवटी वाढायचे."

"मग शाल्मलीला सांगितलं का नाही?"

"साखरपुडा होऊ दे. लग्न होऊ दे. हे लग्नानंतरही सुरू होऊ शकतं, ऋजुता. कोणी विचारलं तर नंतर झालं म्हणता येतं."

"आणि ती घासून घेतेय रोज त्याचं काय? घासलं की पसरतं हे. मी वाचलंय. तुम्हाला माहीत असणार."

शशिधर हलक्या आवाजात म्हणाले, "आईला काय सांगू तिच्या? एक शब्द बोललो तर ती अंथरूण धरेल. लावू दे दोन महिने. तू फक्त एक कर. समरच्या आईच्या कानावर काहीतरी आलंय. तू दोन ओळी लिहून दे. तुझ्या डिपार्टमेंटच्या कागदावर. फंगल आहे, उपचार चालू आहेत."

"ते नाही जमणार, दादा."

"विचार कर," ते म्हणाले आणि पुन्हा पानं ओढू लागले.

घरी अनुपने ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. "अगं, लिही ना दोन ओळी. कोण तपासायला येतंय?"

"अनुप, खोटं आहे ते."

"आपलेच दात, आपलेच ओठ. दादाने आपल्यासाठी काय केलं नाही? पोरीचं भलंच होणार आहे यातून."

कागद ऋजुताने लिहिला नाही. एवढ्यावरून तिला शूर ठरवण्याची घाई वाचकांनी करू नये. कारण त्याच आठवड्यात प्रमोदिनीने दुसरी बाटली मागितली, आणि ऋजुताने दिली. खरा अर्क द्यायला मन धजेना, खरं सांगायला तोंड उघडेना. मग तिने मधला मार्ग काढला: पाणी, थोडं ग्लिसरीन, आणि हिरव्या रंगासाठी पालकाची दोन पानं कुसकरून. पोरीला इजा नको, दादांशी वाकडं नको. शिकलेल्या माणसाचा भित्रेपणा हा असा असतो, गाळून घेतलेला, बाटलीत भरलेला आणि लेबल लावलेला. प्रमोदिनीने ती बाटली देवघरात ठेवली आणि घासणं चालू ठेवलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी एजवेअरची मंडळी आली: समर, त्याची आई सुप्रभाताई आणि वडील. प्रमोदिनीने सकाळपासून अळूवड्या केल्या होत्या. अळूची पानं आणायला ती खास बेलग्रेव्ह रोडच्या भारतीय दुकानांत गेली होती. शाल्मलीने गळाबंद, मनगटापर्यंत बाह्यांचा रेशमी कुर्ता घातला होता. कानामागचा डाग लपावा म्हणून केस सोडले होते. हीटिंग चालू होतं आणि तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

सुप्रभाताई बाई चांगल्या. आधी वड्यांचं कौतुक केलं, बागेचं केलं, शाल्मलीच्या नोकरीची चौकशी केली. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "एक विचारू का, शशिधरराव? राग मानू नका. आजकाल सगळं ओपनली बोललेलं बरं. शाल्मलीला स्किनचं काहीतरी आहे असं कोणीतरी म्हणत होतं."

"फंगल आहे," शशिधर म्हणाले. त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आधी पेशंटला धीर देतात तसा होता. "शिबं म्हणतो ना आपण. आमची ऋजुता यातच रिसर्च करते. तिनेच तपासलंय. सांग ना गं."

सगळे ऋजुताकडे वळले. अनुपने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. शाल्मलीही पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. काकूचं उत्तर तिला माहीतच होतं. तो निर्धास्त चेहरा बघून ऋजुताला स्वतःची शिसारी आली.

"मी तपासलं," ती म्हणाली. "बुरशी नाहीये. चार आठवडे ठेवूनही काही वाढलं नाही. ते कोड आहे. लागत नाही कोणाला. बाकी तिची तब्येत उत्तम आहे. पण शिबं नाहीत."

प्रमोदिनीच्या हातातली वड्यांची डिश तशीच राहिली. कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून समरच्या वडिलांनी खाकरल्यासारखं केलं.

"आमची स्वतःची काहीच हरकत नाही हो," सुप्रभाताई शेवटी म्हणाल्या, आणि हे वाक्य आपल्या समाजात कशाच्या आधी येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. "पण आमच्या मुलीचं, अक्षराचं, लग्न व्हायचंय अजून. लोक विचारणार. आणि तुम्ही लपवलंत, हे काही बरं नाही केलंत."

"मम," समर आईला म्हणाला. शाल्मलीला वाटलं तो पुढे काही बोलेल. तो स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिला. "आय'म सॉरी, शाल्मली. आय नीड टू थिंक."

विचार करायला तो एजवेअरला गेला. दहा मिनिटांत बूट घालून झाले, गाडी निघाली. बशीत अळूवड्या उरल्या होत्या.

"समाधान झालं?" प्रमोदिनी ऋजुतावर तुटून पडली. "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस! तुझं काय जात होतं गप्प राहायला? या घरात राहिलीस, या घरचं जेवलीस..."

"आई, स्टॉप." शाल्मली उभी होती. ती बाबांकडे पाहत होती. "बाबा, तुम्हाला माहीत होता?"

शशिधरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"तुम्ही डॉक्टर आहात. मी तुम्हाला विचारला होता. डोळ्यात बघून विचारला होता."

"तुझ्याच भल्यासाठी, बाळा."

तिने बाह्या वर केल्या. मनगटावरचा डाग आता तळहातापर्यंत उतरला होता. दोन्ही कोपरं पांढरी झाली होती, त्यांच्या कडांना सोलवटल्याच्या खपल्या होत्या. मग ती ऋजुताकडे वळली.

"काकू, तुला कधी कळला?"

"नक्की कळलं जानेवारीत. संशय पहिल्याच दिवशी आला होता."

"जानेवारीत." तिने बोटांवर मोजलं. "सहा आठवडे. आणि तू मला सेकंड बॉटल दिली."

"त्यात औषध नव्हतं. पाणी होतं. पालक होता. तुला अजून इजा होऊ नये म्हणून..."

ऋजुता बोलता बोलता थांबली. वाक्य तिच्याच कानाला किळसवाणं लागलं.

"पालक," शाल्मली म्हणाली. "मी रोज रडत होते त्या स्टुलावर. पालकसाठी." ती रडत नव्हती, तिचा आवाज मात्र फाटला होता. "मला समरला सांगायचा होता. पहिल्या भेटीतच सांगितला असता मी. तो गेला असता तर गेला असता, ते माझ्या आणि त्याच्यात असतं. आता त्याला वाटतो मी लायर आहे. यू टुक दॅट फ्रॉम मी. तुम्ही सगळ्यांनी."

प्रमोदिनी सोफ्यावर बसून पदराने तोंड झाकून रडू लागली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. लेकीच्या हातापेक्षा लेकीच्या लग्नाला ती जास्त रडत होती, याची तिला कल्पनाही नसावी. आपल्या घराघरांत आया अशाच घडवल्या जातात.

त्यानंतर दोन आठवडे ओडबीहून फोन आला नाही. अनुप ऋजुताशी कामापुरतं बोलत होता. मंडळाच्या ग्रुपवर तिला कोणी काही म्हणालं नाही, फक्त होळीच्या कार्यक्रमाचा निरोप आला नाही. मग एका मंगळवारी शाल्मलीचा मेसेज आला: गुरुवारी जीपीची अपॉइंटमेंट आहे, साडेदहा, तू ये. का, ते लिहिलं नव्हतं. माफ केलंय असंही नव्हतं.

थंडी होती, तरी दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये कोट काढल्यावर शाल्मली अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होती. समोर बसलेल्या एका आजीबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं, तिनेही सरळ त्यांच्याकडे पाहिलं. ऋजुता शेजारच्या खुर्चीत बसली होती.

डॉक्टर तरुण इंग्रज बाई होती, कामात चोख. तिने दिव्याखाली डाग पाहिले आणि एका मिनिटात नाव सांगितलं. वेळेवर सुरू केलं तर मलम आणि प्रकाशोपचार यांचा बऱ्याच जणांना उपयोग होतो, म्हणाली. स्किन क्लिनिकला पत्र पाठवते, थांबावं मात्र लागेल. मग तिची नजर कोपरांवरच्या खपल्यांवर थांबली.

"हे कशाने झालं?"

"घासून," शाल्मली म्हणाली. "चार महिने. रोज."

"घासल्याने हे वाढतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" डॉक्टर टाइप करत होती. तिच्या प्रश्नात आरोप नव्हता, फॉर्ममध्ये असतात तसा साधा प्रश्न होता. "घरात हे ओळखू शकेल असं कोणीच नव्हतं का?"

शाल्मलीने मान वळवली आणि ऋजुताकडे पाहत राहिली. आपल्याला इथे कशासाठी बोलावलं, हे ऋजुताला आत्ता कळलं.

"होतं," ऋजुता म्हणाली. "दोघं होतो. एक तिचे वडील, ते डॉक्टर आहेत. दुसरी मी. आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सांगितलं नाही."

डॉक्टरची बोटं कळफलकावर थांबली. तिने एकदा ऋजुताकडे पाहिलं, एकदा शाल्मलीच्या हातांकडे, आणि मग ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं.